आईच्या दोन शिकवण्या

आमच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज गॅरेजच्या दाराचा होता. वर जाताना ते आधी कण्हायचं, मध्येच अडायचं आणि मग धाडकन छताला जाऊन थडकायचं. बाबा कामावरून आले ही वर्दी त्या दारानेच घरभर पोचायची. आई शेगडीवर तवा ठेवायची आणि मी टीव्हीचा आवाज कमी करायचे. त्या हिवाळ्यात मात्र तो आवाज दिवसात कधीही येऊ लागला, भर सकाळी, दुपारी, कधी जेवणाच्या आधी तर कधी नंतर, आणि घराची घडीच विस्कटली. बाबांची नोकरी गेली होती. लेऑफ हा शब्द तेव्हा आमच्या मराठी मंडळींत साथीच्या रोगासारखा बोलला जायचा. अमक्याला झाला, तमक्याला होणार असं म्हणतात, सांभाळून राहा. बाबांनी तो आम्हाला जेवताना सांगितला, आमटीची वाटी पुढे करत, आणखी थोडी वाढ म्हणता म्हणता. आईने आमटी वाढली आणि पळी भांड्यात सोडली ती दांड्यासकट बुडाली. ती बाहेर काढायचं जेवण संपेपर्यंत कुणालाच सुचलं नाही.

आम्ही अमेरिकेत, नोव्हायला राहत होतो. तेव्हा नोव्हाय म्हणजे एक मोठा मॉल, त्याच्या भोवती शेतं आणि शेतांमधून नुकत्याच उगवलेल्या आमच्यासारख्यांच्या कॉलन्या. बाबा मूळचे नागपूरचे, मेकॅनिकल इंजिनीअर, गाड्यांच्या सस्पेन्शनचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होते. आई सांगलीची. तिचं कॉलेज लग्नामुळे पहिल्याच वर्षात सुटलं, तेही आर्ट्सचं. लेऑफनंतर महिन्याभराने एका सकाळी शिऱ्यासाठी रवा भाजत असताना तिने जाहीर केलं की ती लॅब टेक्निशियनचा कोर्स करणार. कम्युनिटी कॉलेजात चौकशी करून आली होती. हॉस्पिटलांना रक्त तपासणारी माणसं मंदीतही लागतात, असं तिथल्या बाईने सांगितलं होतं. अट एकच, हायस्कूलची केमिस्ट्री पास असायला हवी. त्यासाठी संध्याकाळचा प्रौढांचा वर्ग होता, माझ्याच शाळेच्या इमारतीत, आणि वसंतात परीक्षा.

बाबा आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती गंमत करत नाहीये, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला. इंटर सायन्सला केमिस्ट्रीत ते कॉलेजात पहिले आले होते. ही गोष्ट आमच्या घरात श्रीसत्यनारायणाच्या कथेइतक्या वेळा ऐकली गेली होती. "तुला कशाला क्लास पाहिजे? मी बसलोय ना घरी," ते म्हणाले. 'बसलोय' हा शब्द त्यांच्या तोंडून निसटला आणि त्यांनाच लागला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलापाशी हजर होते. पुढे कोरे कागद आणि टोक केलेल्या पेन्सिली.

आईला क्लासमधून सरावाच्या प्रश्नपत्रिका मिळायच्या. जांभळ्या शाईच्या, नुकत्या काढलेल्या असल्या तर स्पिरिटचा वास येणाऱ्या, बोटांना जांभळं लावणाऱ्या. सकाळी बाबा त्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायचे. दुपारी ते लायब्ररीत वर्तमानपत्रांतल्या जाहिराती बघायला जायचे, तोवर मी शाळेतून येई, आणि आई तीच प्रश्नपत्रिका माझ्यापुढे टाकी. मी आदल्या वर्षी केमिस्ट्री करून पुढच्या, ॲडव्हान्स्ड वर्गात गेलेली. गाड्यांच्या कारखान्यात असतात तशा आईच्या दोन शिफ्ट चालल्या होत्या, सकाळची आणि दुपारची. मधल्या वेळेत पोळ्या, धुणं, आणि फ्रीजच्या दारावर चिकटवलेलं मूलद्रव्यांचं कोष्टक. भाजी चिरताना ती सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम असं पाढ्यांसारखं म्हणायची. मला ती 'मॅडम' म्हणायची. "मॅडम, आज पोहे केलेत, मार्क वाढवून द्या." मी खूश व्हायचे. मला सोळा वर्षांत कुणी विद्यार्थी मिळाला नव्हता, आणि तोही एवढा हुशार.

हुशार होती, हे मला फार उशिरा कळलं असं नाही. पहिल्याच आठवड्यात कळलं. तेव्हाच एक भानगडही कळली. ॲसिड आणि अल्कलीची गणितं बाबा त्यांच्या कॉलेजच्या पद्धतीने शिकवत होते. त्यांच्या वेळी द्रावणाची ताकद नॉर्मलिटीमध्ये मोजत, आणि त्याचं एक सुटसुटीत सूत्र होतं. इकडची ताकद गुणिले इकडचं माप, बरोबर तिकडची ताकद गुणिले तिकडचं माप. एका ओळीत उत्तर. आमच्या अमेरिकन पुस्तकात सगळं मोलॅरिटीत होतं, आधी मोल काढायचे, समीकरण लिहायचं, मग पुढे जायचं. बाबांना ते लांबण वाटे. एकदा आईने भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "एम म्हणा नाहीतर एन म्हणा. नाव बदललं म्हणून माल बदलतो का?" हायड्रोक्लोरिक ॲसिड असलं की माल खरंच बदलत नसे आणि त्यांचं उत्तर बरोबर येई. पण सल्फ्युरिक ॲसिडचा एक रेणू दोन हायड्रोजन देतो. त्याला मारायला अल्कली दुप्पट लागते. तिथे मोलॅरिटीचा आकडा जसाच्या तसा त्या सूत्रात घातला की उत्तर बरोबर निम्मं येतं. पन्नास मिलिलिटरच्या जागी पंचवीस. बाबा हे एकेकाळी पक्कं जाणत असणार, पहिले आले होते ते काही उगाच नाही. पण मध्ये वीस-बावीस वर्षं गेली होती आणि लक्षात राहिलं ते फक्त सूत्र.

मी आईला ते समजावून सांगितलं. तिने एकदाच ऐकलं, पेन्सिलीने दोन हायड्रोजनना गोल केला आणि "अच्छा, म्हणून" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, आज बाबा आले की सांगते त्यांना. माझ्या आवाजात थोडा चढेलपणा होता, लपवत नाही. बापाची चूक सापडल्याचा आनंद त्या वयात काय असतो ते ज्याचं त्याने आठवावं. आई उठली, सिंकपाशी जाऊन हातावरची जांभळी शाई घासू लागली, आणि पाठमोरीच म्हणाली, "मंजू, बाबांना बोलू नकोस हं. सध्या त्यांचं काहीच बरोबर येत नाहीये. हे तरी येऊ दे."

मग आम्ही दोघी त्यात पडलो. सकाळी आई बाबांच्या पद्धतीने गणित सोडवी, त्यांचं चुकलेलं उत्तर खाली दोन रेघा मारून लिही, "किती सोपं केलंत हो तुम्ही" म्हणे. दुपारी माझ्यासमोर तेच गणित खोडून पुन्हा करी. गॅरेजचं दार कण्हलं की आमचं बोलणं थांबे. बाबा आत येत तेव्हा मी इतिहासाचं पुस्तक उघडून बसलेली असे आणि आई कांदा चिरत असे. "काय चाललंय दोघींचं?" ते विचारत, आणि आम्ही एका सुरात "काही नाही" म्हणत असू. नोकरी गेलेला माणूस घरी येतो आणि त्याला बघून दोन माणसं गप्प होतात, हे त्याला कसं वाटत असेल, हा विचार माझ्या मनात त्या वेळीही यायचा. मला वाईट वाटायचं. पण आपण चांगल्यासाठी करतोय या समजुतीत एक ऊब असते, तिच्यात मी वाईट वाटणं गुंडाळून ठेवलं.

आई पास झाली. नुसती पास नाही, वर्गात दुसरी आली. बाबांनी स्वतः पेढे केले, रिकोटा चीज आणि दुधाची पावडर आटवून, वेलदोडा जरा जास्तच पडला. ते पेढे घेऊन ते मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात गेले आणि दिसेल त्याला सांगत सुटले. आर्ट्सची मुलगी, पण तीन महिन्यांत तयार केली. आपली जुनी पद्धत, दुसरं काही नाही. आई शेजारी उभी राहून हसत होती, आणि तिचं यश दुसऱ्याच्या नावावर वाटलं जाताना मी बघत होते. मला तेव्हा आईचाच राग आला. आज वाटतं, ती एकटीच त्या दिवशी पूर्ण आनंदात असावी, कारण तिला नेमकं हेच हवं होतं.

तिथेच कुंदाकाकू भेटल्या. त्या आणि त्यांचे मिस्टर आमच्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून राहत. त्यांची नीता माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान, त्या वर्षी केमिस्ट्री करत होती. नीताने डॉक्टर व्हावं ही काकूंची इच्छा, आणि त्यासाठी पुढच्या वर्षी ॲडव्हान्स्ड वर्गात जागा हवी. ती जूनच्या परीक्षेच्या मार्कांवर ठरणार होती. काकू बाबांना म्हणाल्या, भाऊजी, आमच्या नीतालाही बघा ना जरा. बाबांनी 'बघू' म्हणून मानेने नाही-नाही केलं आणि घरी येताना गाडीत पूर्ण वेळ त्याच विषयावर बोलत राहिले.

नीता दर शनिवारी सकाळी येऊ लागली. बाबांनी टेबलाची जागा बदलून खिडकीपाशी घेतली, उजेड चांगला यावा म्हणून. आई मध्येच चिवडा आणि संत्र्याचा रस आणून ठेवी. बाबा शिकवायचे छान, हे सांगितलंच पाहिजे. रागवायचे नाहीत, घाई करायचे नाहीत, आणि गणित सुटलं की नीतापेक्षा त्यांनाच जास्त आनंद व्हायचा. त्या शनिवारांमुळे ते सोमवारी अर्ज लिहायला बसत. फोनवर बोलताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा दणदणीत झाला होता.

आणि एका शनिवारी सरावाच्या प्रश्नपत्रिकेच्या शेवटच्या पानावर सल्फ्युरिक ॲसिड आलं. मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझा अभ्यास करत होते. बाबांनी सूत्र लिहिलं, आकडे घातले, पंचवीस आलं. नीताने पंचवीस लिहिलं. मी मान वर केली. आई शेगडीपाशी उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती. तिने नकाराची खूण केली नाही, काहीच केलं नाही, फक्त बघितलं आणि पुन्हा भाजी हलवू लागली. मी मान खाली घातली. मला अजूनही वाटतं, तिने त्या क्षणी खूण केली असती तर बरं झालं असतं, मला निदान तिच्यावर ढकलता आलं असतं.

अगदीच गप्प बसले असंही नाही. सोमवारी शाळेच्या बसमध्ये मी नीताला म्हटलं, शाळेच्या पद्धतीनेही करून बघत जा. तिने च्युइंग गम या गालातून त्या गालात नेला आणि म्हणाली, "व्हाय? काकांची मेथड फास्टर आहे यार. आणि तुझी आई तर त्यानेच सेकंड आली ना?" कारण सांगायचं तर बाबा उघडे पडत होते, आणि नीताच्या तोंडात काही राहत नसे. बस वळणावर वळली, माझी मैत्रीण चढली, आणि मी तिच्याशी बोलू लागले. तेवढ्यावर मी माझं कर्तव्य संपवलं.

परीक्षेचा शेवटचा मोठा प्रश्न सल्फ्युरिक ॲसिडचा होता. एका उत्तरावर पुढची सगळी पोटउत्तरं अवलंबून. नीताला सी मिळाला. ॲडव्हान्स्ड वर्गाची यादी लागली त्यात तिचं नाव नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी कुंदाकाकू तिला घेऊन आमच्याकडे आल्या. तक्रार करायला आल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या माफी मागायला आल्या होत्या. भाऊजींनी एवढे कष्ट घेतले आणि हिने लक्ष दिलं नाही, म्हणत होत्या. नीताचे डोळे सुजलेले. घरून चांगला मार बसला नसला तरी बोलणी बसलेली दिसत होती. काकूंनी पेपर पुढे केला. "हिचं नेमकं कुठे चुकलं तेवढं सांगा. तुम्ही शिकवलंत तसंच केलं म्हणते."

बाबांनी चष्मा लावला. पेपर वाचला, मग उभ्याउभ्याच पेन्सिल घेऊन बाजूला आकडे मांडले. त्यांची पेन्सिल थांबली ती मला दिसली. ते खुर्चीत बसले आणि नीताला म्हणाले, "बेटा, चूक तुझी नाही. माझी आहे. मी तुला चुकीचं शिकवलं." काकू घाईघाईने नाही नाही म्हणू लागल्या. असं कसं भाऊजी, वहिनींना तर याच पद्धतीने एवढे मार्क मिळाले. त्यांनी ते बाबांना धीर द्यायला म्हटलं होतं. बाबा हळूहळू आईकडे वळले.

"हो की. मग तुझं कसं बरोबर आलं?"

आई काही सांगून वेळ मारून नेऊ शकली असती. तिला ते येत होतं, तीन महिने केलं होतं. पण तिच्यासमोर नीता उभी होती. ती म्हणाली, "मला मंजूने शिकवलं. दुपारचं." काकूंना काय कळलं आणि काय नाही कोण जाणे, त्यांनी चहा घेतला नाही. त्या गेल्यावर बाबांनी टेबल उचललं आणि खिडकीपासून पूर्वीच्या जागी नेऊन ठेवलं. मी मदतीला गेले, तर म्हणाले, राहू दे, होतं मला.

दोन दिवसांनी, शाळेच्या शेवटच्या आठवड्यात, मला ते शाळेच्या कॉरिडॉरमध्ये दिसले. इंटरव्ह्यूचा सूट घातलेला, केमिस्ट्रीच्या खोलीबाहेरच्या लाकडी बाकावर बसलेले, हातात नीताचा पेपर. आजूबाजूने पोरं लॉकर आपटत, ओरडत जात होती. मी क्षणभर खांबाआड झाले. मला त्यांची लाज वाटली, आणि त्या लाजेची लगेच दुसरी लाज वाटली. ते शिक्षिकेला सांगायला आले होते की चूक मुलीची नाही, घरी शिकवणाऱ्याची आहे, तिला पुन्हा परीक्षा द्यायची संधी द्या. शिक्षिकेने नीट ऐकून घेतलं म्हणे. मार्क बदलता येणार नाहीत म्हणाली. नीता साध्या वर्गात गेली आणि पुढच्या वर्षी तिने सायन्स सोडलं. ती आज सांता क्लाराला बागांचे आराखडे करते, सुखी आहे, भेटली की स्वतःच हसून ही गोष्ट काढते, तुझ्या बाबांनी मला डॉक्टरकीपासून वाचवलं म्हणते. मीही हसते. तिच्या सुखामुळे माझं देणं फिटलं असं मला एकदाही वाटलेलं नाही.

त्या दिवशी बाबांनीच मला शाळेतून घरी नेलं. मग सिग्नलला गाडी थांबल्यावर, समोर बघतच म्हणाले, "चुकण्याचं काही नाही गं. माणूस चुकतो. नोकरी गेली तेव्हा मला वाटलं, बाहेरची किंमत गेली, घरची तरी शाबूत आहे. तुम्ही दोघी मला सांभाळून घेत होतात, हे मला कळायला नको होतं." सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा त्यांनी गाडी पुढे काढली. मी म्हटलं, सॉरी बाबा. ते म्हणाले, "एकदा सांगायचंस ना, बाबा, इथे दुप्पट लागतं. मी काय मोडलो असतो?"

आई पुढे लॅब टेक्निशियन झाली, निवृत्त होईपर्यंत एकाच हॉस्पिटलात राहिली. बाबांना पानगळीच्या सुमारास नोकरी लागली, आधीपेक्षा लहान, पण लागली. दोघांनी या विषयावर आपापसात काय बोलणं केलं ते मला ठाऊक नाही. माझ्याशी बाबा पूर्वीसारखेच वागत, थट्टा करत, कॉलेजला सोडायला आले तेव्हा रडलेही. फक्त एक झालं. त्यांनी पुन्हा कधी कुणाला काही शिकवलं नाही.

माझा मुलगा चौथीत असताना ते आमच्याकडे राहायला आले होते. तो अपूर्णांकांचं गणित घेऊन त्यांच्याकडे गेला. दोन छेद सारखे करायचे, इतकंच. मी स्वयंपाकघरात होते, मला सगळं ऐकू येत होतं. बाबांनी कागदाकडे बघितलंही नाही. "आईला विचार," ते म्हणाले, "तिला येतं." मी पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आले. मुलाच्या हातातला कागद घेतला आणि बाबांपुढे धरला. माझ्या ओठांवर आलं होतं, बाबा, मला नाही हो येत हे, तुम्हीच सांगा त्याला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणणार होते ते त्यांना कळलं होतं, आणि ते खोटं आहे हेही. मी कागद परत घेतला, मुलाला स्वयंपाकघरात नेलं आणि छेद सारखे कसे करायचे ते त्याला शिकवलं.